सवतीला करंट येईना

काकासाहेबांच्या मोटारीला द्वारकाबाई सवत म्हणायच्या, आणि खोटं कशाला बोला, तिचे लाडही तसलेच होते. पोलीस ॲक्शननंतर शहर सोडून निघालेल्या एका जहागीरदाराकडून घेतलेली ती गाडी. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी उठून काकासाहेब आधी तिचं बॉनेट पुसणार, मग चहा पिणार. आताशा ती चालायची कमी आणि रुसायचीच जास्त.

शेवटी द्वारकाबाईंनी निकाल लावला. "दसऱ्याला हिच्यात बसवून कर्णपुऱ्याच्या देवीला न्या मला. नाय चालू झाली तर भंगारात घाला. हिच्या पत्र्याखाली मी म्हैस बांधीन." नुसतं बोलून गप बसतील त्या द्वारकाबाई कसल्या! दसऱ्याच्या सकाळी कन्नड गावचा म्हशीवाला कडूबा म्हैस घेऊन दारात हजर.

काकासाहेबांनी हँडल मारलं. गाडी ढिम्म. पुन्हा मारलं, खांदा निखळायची पाळी आली, पण बया हूं की चूं करीना.

"माझी एका हाकेत उठती बघा," कडूबा म्हणाला.

"तू गप रे! ये, हँडल फिरव."

काकासाहेबांनी प्लग काढून बॉडीला टेकवला. कडूबानं हँडल फिरवलं. ठिणगी नाही. वायर बदलली, नाही. कॉइल बदलली, तरी नाही. आता राहिला ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर. पण त्याला काकासाहेब हात लावीनात, कारण त्यातले पॉइंट कालच, खंडेनवमीला, त्यांनी स्वतः घासून बसवले होते. "माझ्या हातचं काम हाय ते! तिथं खोट निघायची नाय," म्हणत ते बिचाऱ्या बॅटरीवर डाफरत राहिले. तेवढ्यात म्हैस पत्र्याखाली घुसून मडगार्ड चाटायला लागली. झक मारत काकासाहेबांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं.

आत पॉइंटवर हळदीकुंकू! वर दोन अक्षता आणि झेंडूची पाकळी.

काल आंघोळीला जाताना झाकण उघडं राहिलं होतं, आणि आल्यावर त्यांनी ते न बघताच दाबून बसवलं होतं. मधल्या वेळात घरातल्या हत्यारांची पूजा द्वारकाबाईंनी केली होती. 'हे हिचं काळीज, इथूनच ठिणगी पडती,' असं काकासाहेबांनी त्यांना कधीकाळी कौतुकानं दाखवलं होतं. तेव्हा 'जळो मेलीचं काळीज!' म्हणून त्या आत निघून गेल्या होत्या. पण बाईनं ध्यानात ठेवलं होतं! ओल्या बोटानं, नेमकं तिथंच लावलं होतं. काकासाहेबांना हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

त्यांनी धोतराचा सोगा पेट्रोलमध्ये बुडवून पॉइंट पुसले, पॉलिश पेपर फिरवला, झाकण लावलं. हँडल मारलं. गाडी दोनदा खोकली आणि जी धडाडली, की म्हैस दाव्यासकट पळाली. तिच्यामागं कडूबा.

द्वारकाबाई बाहेर आल्या. ठेवणीतलं लुगडं त्या केव्हाच नेसून बसल्या होत्या.

"काय झालं होतं हिला?"

"कुठं काय? जरा ओल धरली होती."

द्वारकाबाईंची नजर धोतराच्या लाल-पिवळ्या सोग्यावर गेली. त्या गाडीत बसल्या आणि तोंड दुसरीकडं करून हळूच म्हणाल्या, "पुढच्या साली मग कुठं लावू?"

"बॉनेटवर. सवाशिणीला कुंकू कपाळाला लावत्यात, काळजाला नाय."

"मग तसं आधी सांगावं माणसानं," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि पदरानं सवतीची काच पुसायला लागल्या.