डिम्मेची शिदोरी

उम्मा गावात डिम्मेला कुणी हाकलत नाही, तिची पाठवणी करतात. आभाळाचा देव आन, त्याची ही पोरगी. बापानं आभाळातून ढकलली, तेव्हापासून बाळंतिणींच्या खोल्यांत शिरून तान्ही पोरं उचलते. तोंड सिंहिणीचं, दात गाढवाचे, पाय पाखराचे. हाकललं की जास्तच चिडते. म्हणून तिची मातीची बाहुली करायची, तीन दिवस आजारी पोराच्या उशाशी ठेवून जेवू घालायची, मग भाकरी, तेल, कंगवा, सूत कातायची चाती अशी शिदोरी देऊन कालव्यापलीकडच्या माळावर सोडायची. पोट भरलेली पाहुणी मागं फिरत नाही.

घरातली धाकटी सून अमागिना, तिचं पोर तापानं फणफणलेलं. तीन दिवस सरले तसा मांत्रिक म्हणाला, "जिचं पोर डिम्मेनं नेलंय, तिनं पोचवावी. त्या बाईकडून तिला आता काही घ्यायचं नसतं."

म्हणजे थोरली, निनकल्ला. तिची दोन गेली होती.

सासू शिदोरी बांधत होती आणि निनकल्ला टक लावून बघत होती. जवाच्या पाच भाकऱ्या. तिळाचं तेल. कंगवा तर कोरा करकरीत.

"माझ्या वेळी एकच भाकरी होती, सासूबाई."

"तेव्हा जव होतं का गं घरात?"

"दारू गाळायला होतं की."

"जीभ आवर आणि चालू लाग. ऊन चढेल."

निनकल्लानं बाहुली कडेवर घेतली. दुसरं काही घ्यायला तिची कड कधीची रिकामीच होती. कालवा ओलांडून ती झुडपाच्या सावलीत टेकली, बाहुली समोर ठेवली.

"मजा आहे बाई तुझी," ती म्हणाली. "माझी दोन नेलीस तेव्हा एका भाकरीवर गेलीस. तिच्या पोराला पाच."

बोलता बोलता तिनं एक भाकरी मोडली. तेलात बुडवून खाल्ली. चांगली लागली, म्हणून दुसरी. तिसरी निम्मी झाली तेव्हा कुठं तिला कळलं, आपण काय करतोय. डिम्मेची शिदोरी कमी पडली की ती अर्ध्या वाटेवरून दुधाचा वास काढत गावात परत येते, हे उम्मातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"येऊ दे की," तिच्या मनात आलं.

खरंच आलं. आणि ते आलं म्हणूनच ती ताडकन उठली. उरलेली शिदोरी बाहुलीपुढं सरकवून ती म्हणाली, "हलू नकोस. आणते." आणि पदर खोचून धावत सुटली.

दारातच तिनं सांगून टाकलं. "मी खाल्ल्या. अडीच भाकऱ्या. डिम्मेच्या."

सासूनं पळी उगारली. "गाढवाचे दात तिचे का तुझे गं, हावरट?"

अमागिना पोराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. "का खाल्ल्या, ताई?"

"तुझं वाचेल, माझी नाही वाचली, म्हणून."

पोर कण्हलं. मग अमागिना उठली आणि पोर निनकल्लाच्या छातीशी दिलं.

"धर. मान सावर त्याची."

"माझ्याकडं देतेस?"

"मग पीठ कोण मळणार? तू? पुन्हा खाशील."

पोर निखाऱ्यासारखं तापलेलं होतं. त्यानं निनकल्लाचं बोट मुठीत धरलं आणि सोडेना. तिच्या मनात पुन्हा तेच आलं. हे माझं नाही. ती मान सावरून तशीच उभी राहिली, मुंग्या आल्या तरी हात बदलला नाही.

अमागिनानं तंदुरातून गरम भाकऱ्या काढल्या. कमी पडलेल्या अडीचच्या जागी तीन, वर आणखी एक. ती एक वेगळ्या फडक्यात बांधली.

"ही डिम्मेला नको देऊस," अमागिना म्हणाली. "ही तुझी. लांब जायचंय."

निनकल्लानं बोट सोडवून घेतलं, पोर आईकडं दिलं आणि दोन्ही फडकी उचलली. या खेपेला ती कालव्यापाशी बसली नाही. झुडपाखालची बाहुली कडेवर घेऊन, उरलेली शिदोरी उचलून ती माळाच्या पार टोकाला गेली, जिथून गावातली कुत्रीही ऐकू येत नाहीत.