दोन कुलपांचा मल्चर

रंगनाथचा माझ्यातला नफा एवढाच होता, की मी एकट्या खंडेरावला मिळू नये. खंडेरावचा नफा एवढाच, की मी एकट्या रंगनाथला मिळू नये. दोन्हीकडची बेरीज तंतोतंत जुळली आणि १९९९ च्या दिवाळीनंतर मी त्यांच्या खळ्यात येऊन उभा राहिलो. गवताचा विचार त्या दिवशी कोणी केला असेल, तर तो फक्त मी.

मित्रांनो, मी एक जुना मल्चर आहे. ट्रॅक्टरच्या मागे लागणारं, गवत कापणारं यंत्र. माझा जन्म नाशिकच्या अंबड भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझ्या पोटात एक लोखंडी रूळ आहे आणि त्याला चोवीस पाती लोंबती लावलेली आहेत. ट्रॅक्टरने मला फिरवलं की ती ताठ होतात आणि गवत, छाटणीच्या काड्या, जे समोर येईल त्याचा भुगा करतात. पाठीमागे एक रोलर आहे. मी जमिनीपासून किती उंच चालायचं, ते हा रोलर ठरवतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी आणि पट्टीला पाच-पाच भोकं. रोलर वरच्या भोकात अडकवला की मी खाली बसतो आणि गवत बुडातून कापतो. खालच्या भोकात अडकवला की मी उंच राहतो. फक्त दोन्ही टोकं एकाच नंबरच्या भोकात हवीत. डावं तिसऱ्यात, तर उजवंही तिसऱ्यात. मला घडवणाऱ्या मिस्त्रीने हे माझ्या पाठीवर पिवळ्या रंगाने लिहूनही ठेवलं होतं.

तुम्ही चौथीत असलात तरी एवढं तुम्हाला समजलं असेल. रंगनाथ तर बी. ए. झाला होता.

हे दोघे सख्खे भाऊ. दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाची बाग. वडील गेल्यावर वाटणी झाली. विहिरीच्या पूर्वेची बाग थोरल्या रंगनाथची, पश्चिमेची धाकट्या खंडेरावची. ट्रॅक्टर सामाईक आणि त्याचा ड्रायव्हर देवराम हाही सामाईक. दोन्ही बागांच्या मधोमध तीन ओळी राहिल्या होत्या, त्या त्यांच्या आईने, कुसाबाईने मागून घेतल्या. वाटणीच्या दिवशी ती पंचांसमोर म्हणाली होती, "मला घर नको, दागिना नको. ह्या तीन ओळी मी माझ्या हातानं लावल्या. माझा चहा, माझं औषध, लेकीला वर्षाची एक पेटी. मी मरस्तोवर कोणापुढं हात पसरायची नाय." लेक म्हणजे साधना, ती नाशिक रोडला दिलेली. पंचांनी मान डोलावली. भावांनीही डोलावली, पण एकमेकांकडे बघून. आपल्यापेक्षा दुसऱ्याने जास्त डोलावली तर नाही ना, हे त्यांना तपासायचं होतं.

पहिल्याच दिवशी रंगनाथने मला खालच्या भोकात लावलं. खालचं भोक म्हणजे खालून कापणार, असा त्याचा हिशेब. मी गवतावरून मिरवत निघालो आणि फक्त शेंडे उडवले.

"फसवलं आपल्याला," रंगनाथ म्हणाला. "कापतच नाय हे."

"नाना, वरच्या भोकात घ्या," देवराम म्हणाला.

"तू ड्रायव्हर हाय ना? मग ट्रॅक्टर चालव."

मग अर्ध्या तासाने रंगनाथने स्वतःच शोध लावल्यासारखा रोलर वरच्या भोकात घेतला आणि देवरामला समजावून सांगितलं की हे यंत्र उलटं असतं. देवराम म्हणाला, "असं व्हय." त्या 'असं व्हय' वर मी खूश झालो. या घरात एक तरी माणूस शहाणा आहे, हे मला तेव्हा कळलं.

आता उंचीचं भांडण. रंगनाथला बाग चाटूनपुसून ठेवलेल्या ताटासारखी लागायची. वडिलांच्या काळात ओळीत गवताची काडी दिसली तर गाव हसायचं, म्हणून त्याला माझं पहिलं, म्हणजे सगळ्यात वरचं भोक हवं होतं. खंडेराव मात्र नाशिकला एका शिबिराला जाऊन आला होता. तिथे त्याने ऐकलं, की गवत चार बोटं ठेवावं, जमीन गार राहते, पांढरी मुळी वर येते. त्याला चौथं भोक हवं होतं. खंडेरावचं म्हणणं बरोबर होतं. पण ते त्याला पटलं म्हणून तो बोलत नव्हता, ते नानाच्या उलट होतं म्हणून बोलत होता. शिबिरात उलटं सांगितलं असतं तर तो ताट चाटत बसला असता.

रात्रीतून रंगनाथ दोन्ही टोकं पहिल्या भोकात घ्यायचा. सकाळी खंडेराव ती चौथ्यात न्यायचा. शेवटी खंडेराव वणीच्या बाजारातून एक कुलूप घेऊन आला आणि रोलर अडकवायची डावी खिटी चौथ्या भोकात घालून तिला कुलूप ठोकलं.

"निम्मं यंत्र माझं हाय. ही बाजू माझी. हिला कोणी हात लावायचा नाय."

संध्याकाळपर्यंत रंगनाथने उजवी खिटी पहिल्या भोकात घालून तिला कुलूप लावलं. त्याचं कुलूप मापाने मोठं होतं, तेवढं तो बघूनच आला होता.

मित्रांनो, असं यंत्र तुम्ही पाहिलं आहे का? डावीकडून उंच, उजवीकडून जमिनीला घासणारं, एक पाय खड्ड्यात गेलेल्या म्हाताऱ्यासारखं. गावातली माणसं मला बघायला यायची आणि बांधावर बसून तंबाखू चोळायची. शेजारचा मोतीराम रंगनाथला म्हणाला, "नाना, ट्रॅक्टरलापण दोन स्टेरिंग बसवून घ्या. वाटणी पुरी होईल." रंगनाथ हसला नाही. मला वाटतं, त्याने त्यावर थोडा विचार केला.

या सगळ्यातून वाट काढली ती देवरामने. त्याने कुलपांना हात लावला नाही. ट्रॅक्टरच्या लिफ्टवर त्याने मला थोडं उचलून धरलं, रोलर हवेत अधांतरी ठेवला आणि उजव्या बाजूच्या दांड्याचं हँडल फिरवून मला समतोल केलं. सगळा भार लिफ्टवर. त्याला दर दहा पावलांनी मागे वळून बघावं लागायचं आणि मान दुखायची. पण मी सरळ चाललो. चार बोटं, दोन्हीकडून सारखी.

कुसाबाईच्या तीन ओळी झाल्या की ती वाकून गवतात करंगळी जमिनीला टेकवून आपला पंजा आडवा धरायची. गवताचे कापलेले शेंडे तिच्या तर्जनीला बरोबर लागायचे.

"देवराम, चार बोटं भरली रे."

"भरणारच, आक्का. तुमच्या हाताचंच माप घेतलंय."

माझ्या आयुष्यातली खरी शाबासकी एवढीच. चार वर्षं तिच्या ओळींना असे घड लागले, की व्यापारी आधी तिच्याकडे यायचा आणि मग पोरांकडे. रंगनाथ लोकांना सांगायचा, "माझ्या बाजूच्या कुलपामुळं." खंडेरावही हेच सांगायचा. मीही तेव्हा फुगलो होतो, ते लपवत नाही. देवरामची मान कोणी मोजली नाही.

२००३ साली ऑक्टोबरची छाटणी झाली. नोव्हेंबर संपत आला आणि मणी बाजरीएवढे झाले. द्राक्षवाल्याला विचारा, या दिवसांत वेल सगळी भूक पांढऱ्या मुळीने भागवते आणि ती मुळी वाफ्याच्या वरच्या थरात, बोटभर मातीखाली असते. साधनाच्या घरी बारसं होतं म्हणून कुसाबाई चार दिवस नाशिक रोडला गेली होती. नेमका तेव्हाच खंडेराव माझ्या मागे उकिडवा बसला आणि त्याला रोलरखालून पलीकडची ओळ दिसली.

"देवराम! रोलर फिरत का नाय?"

देवरामने खरं सांगितलं. मित्रांनो, खरं सांगितल्याने माणसाचं भलं होतं असं तुमच्या पुस्तकात असेल. देवरामने ते पुस्तक वाचलं नव्हतं, तरी सांगितलं.

पाच मिनिटांत रंगनाथही आला.

"म्हणजे चार वर्षं माझं कुलूप फुकट?"

"आन माझं?" खंडेराव म्हणाला. "नानाच्या सांगण्यावरून करतो ना तू हे?"

"त्याच्या सांगण्यावरून करत असंल हा!" रंगनाथ म्हणाला.

"कोणाच्याच नाय," देवराम म्हणाला. "बागेसाठी करतो."

हे उत्तर दोघांनाही खोटं वाटलं. कोणाच्याच बाजूने नसलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. ठरलं असं, की आता रोलर जमिनीला टेकवूनच चालवायचा, म्हणजे कोणाची बाजू बरोबर ते एकदाचं दिसेल. मग प्रश्न आला, कोणाच्या बागेत?

दोघांनी आपापल्या बागेकडे बघितलं. बांधावर एक टिटवी ओरडत होती.

"आईच्या ओळीत करून दाखव," रंगनाथ म्हणाला.

"हां, सामाईक हाय ते," खंडेराव म्हणाला.

"नाना, उजव्या अंगानं वाफा खरडंल," देवराम म्हणाला. "मणी धरलेत. आक्का येऊ द्या."

"तुला पगार कोण देतं? आई का आम्ही?"

देवरामला घरी चार तोंडं होती. त्याने लिफ्टचा दांडा खाली केला.

मी जमिनीला टेकलो. माझी डावी बाजू गवताच्या शेंड्यांवरून तरंगत गेली आणि उजवी वाफ्यात शिरली. माती उडाली. ठिबकची नळी पात्यात आली आणि तिच्या कांडक्या झाल्या. मग मातीत मऊ, ओलं काहीतरी लागायला लागलं आणि ते तुटताना आवाजही होत नव्हता. एका टोकाला देवरामने ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरला आणि ओंजळभर माती घेऊन आला. तिच्यात शेवयांसारख्या पांढऱ्या मुळ्या होत्या.

"बघा."

रंगनाथने आपल्या बाजूची जमीन बघितली. एक काडी नव्हती. "माझी बाजू बघ कशी साफ झाली," तो म्हणाला. खंडेरावने आपल्या बाजूचं गवत बघितलं. "माझी बघ, चार बोटं." ओंजळीकडे कोणी बघितलं नाही.

"बास करू का?" देवरामने विचारलं.

"अर्धवट सोडलं तर निकाल कसा लागंल? तिन्ही ओळी कर."

मी तिन्ही ओळी केल्या. यंत्राला नाही म्हणता येत नाही, अशी सबब मी तेव्हा मनात तयार ठेवली होती. ती आजही वापरतो. पण पाती माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ देवरामला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "माझ्या बागेत तू पहिल्यासारखं उचलूनच चालव." दुपारी खंडेरावने हेच सांगितलं. तोही हळूच.

कुसाबाई आली ती बारशाचे घुगऱ्यांचे पुडे घेऊन. पिशवी हातात तशीच ठेवून ती ओळीत शिरली. सवयीने वाकली, पंजा आडवा धरला. एका बाजूला गवत तर्जनीला लागलं. दुसऱ्या बाजूला तिचा हात नुसताच मातीवर राहिला. तिने माती थोडी उकरली. सुकलेल्या मुळ्या दोन बोटांत धरून ती माझ्याजवळ आली आणि दोन्ही कुलपं उलटीपालटी करून पाहिली.

"हे कोणाचं?" तिने उजव्या कुलपाला हात लावून विचारलं.

"यंत्र सामाईक हाय, आई," रंगनाथ म्हणाला.

"कुलूप इचारते मी."

"चालवलं देवरामनं," खंडेराव म्हणाला.

"हां, देवरामनं," रंगनाथ म्हणाला.

आईच्या ओळींनंतर चार वर्षांतलं दोघांचं हे दुसरं एकमत. ते इतकं पक्कं होतं, की त्याच संध्याकाळी देवरामला कामावरून काढलं. जाताना तो कुसाबाईच्या पाया पडला. ती म्हणाली, "तू खरडलं नाय. मला ठावं हाय. पण तू थांबायचं होतं रे." देवरामने मान खाली घातली. त्याची दुखरी मान मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

त्या वर्षी कुसाबाईच्या ओळींतले मणी ज्वारीएवढे झाले आणि तिथेच थांबले. फेब्रुवारीत व्यापारी आला. त्याने एक घड तळहातावर घेतला, वजन बघितलं आणि परत वेलीवर सोडून दिला. साधनाला पेटी गेली नाही. पावसाळ्यात औषध संपलं तेव्हा कुसाबाईने आधी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रंगनाथच्या दारात उभी राहिली.

"आई, आता तुझ्यानं होत नाय," रंगनाथ म्हणाला. "ओळी आमच्याकडं दे. आम्ही तुला सांभाळू." खंडेरावनेही आपल्या दारातून हेच सांगितलं. आता तीन ओळींचे दोन वाटे कसे होणार, अशी तुम्हाला शंका येईल. तुम्ही त्यांना ओळखलं नाहीत. त्यांनी मधल्या ओळीतले वेल मोजले आणि बरोबर मध्ये एक दगड पुरला.

मला तेव्हापासून कोणी जोडलं नाही. रंगनाथने दुसरा मल्चर आणला आणि महिन्याभरात खंडेरावनेही आणला. मी दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात पडून आहे. पिवळी अक्षरं उडाली, पाती गंजून एकमेकांना चिकटली. भंगारवाला दोनदा आला. दोघांची सही एका कागदावर होईना म्हणून परत गेला. कुलपं तशीच आहेत. आता ती किल्लीनेही उघडणार नाहीत.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारं यंत्र सांगतं, की मला वंगण घाला, पावसात ठेवू नका. मी ते मागत नाही. मी गंजलो, ते ठीक झालं. तुम्ही मोठे झाल्यावर सामाईक वस्तू विकत घ्याल, तेव्हा तिची उंची ठरवण्याआधी तिच्याखाली कोणाची मुळं येतात तेवढं बघा.

कुसाबाई पंधरा दिवस इकडे जेवते, पंधरा दिवस तिकडे. घर बदलायच्या दिवशी ती गाठोडं घेऊन निघते आणि मधेच माझ्या पत्र्यावर टेकते. बसताना तिचा पंजा माझ्या उजव्या कुलपाशेजारी आडवा पडतो. मी चार बोटं मोजतो. मग कोणत्या तरी दारातून हाक येते, "आई, आज तारीख काय हाय?" आणि ती उठते.

हिशेब असा: रंगनाथला दीड ओळ मिळाली. खंडेरावला दीड ओळ मिळाली. देवराम नामपूरच्या कांदा मार्केटात दुसऱ्याची ट्रॉली ओढतो. किंमत म्हणून भरल्या त्या तीन ओळी, आणि त्या तिन्ही कुसाबाईच्या.