नळीवरचं नाव

"तरी मी सांगत होते!" धाकटीने थोरल्या जावेच्या ताटातलं तळण उचलून आपल्या ताटात टाकलं. "हृदयाला धोका म्हणे. आरशात बघितलं असतं तरी कळलं असतं, त्याला मशीन कशाला हवं?"

सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला, मेला. थोरली मान खाली घालून जेवत राहिली, कारण त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं की मशीनने तपासलेलं ते रक्त तिचं नव्हतंच. धाकटीचं होतं.

जावा जावा, उभा दावा, आणि ह्या दोघींचा तर लग्नापासूनचा. थोरली अंगाने आडवी, धाकटी काडी. थोरलीचं नाव घरात 'गोदाम' पडलं होतं, आणि ते कुणी पाडलं हे काय सांगायला हवं!

थोरली तपासणी केंद्रात रक्त काढायची. तिथे नवं मशीन आलं. अंगातली चरबी रक्तात काय काय सोडते ते मोजायचं आणि पुढे हृदयाला धोका किती ते सांगायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी आपण सगळे आपापलं रक्त देऊन मशीन तपासू." थोरलीने स्वतःच्या अंगाकडे बघितलं. चारचौघांत शोभा होणार! घरातल्या सगळ्यांचं रक्त साखर बघायला तीच काढायची. त्या खेपेला तिने धाकटीची एक नळी जास्त भरली आणि वर स्वतःचं नाव चिकटवलं. काडीच्या रक्तात कसली आलीय चरबी!

पण आकडे असे आले की डॉक्टरीणबाईंनी घरी फोन केला. थोरलीला एकटीला गाठून म्हणाल्या, "बाहेर दिसते त्या चरबीचं एवढं नाही. आत आतड्यांभोवती दडून बसते ती वाईट. बारीक माणसांतही असते."

मरू दे, थोरलीला वाटलं. अगदी स्वच्छ वाटलं. आयुष्यभर गोदाम म्हणालीस ना, भोग आता. रोज जेवताना टोमणे ऐकायचे आणि मनात हे घोळवायचं, यात तिला गोडीही लागली होती.

मग एका सकाळी धाकटी जिन्यात थांबलेली दिसली. कठडा घट्ट धरलेला, कपाळावर घाम.

"बघताय काय?" ती खेकसली. "पित्त झालंय."

थोरली तशीच केंद्रात गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंनी नळ्यांचा ट्रे तिच्यापुढून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका. तुमच्या हातच्या नळीवर मी विश्वास कसा ठेवू?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घरी येऊन तिने धाकटीला तोंडावर सांगितलं.

"माझं रक्त?" धाकटी उसळली. "नोकरी घालवून बसलात आणि खापर माझ्यावर? जळता तुम्ही माझ्यावर, मी ह्या घरात आल्या दिवसापासून!"

"जळते. पण तपासून घे."

"नाही घेत, जा!" तिने दार आपटलं.

"मर मग!" थोरली बंद दारावर ओरडली. "मी सांगायचं काम केलं!"

दुसऱ्या दिवशी थोरली भांडी लावत होती. तिला आता कुठे जायचं नव्हतं. धाकटी चप्पल घालून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"चला. मला एकटीला भीती वाटते."

दोघी दुसऱ्या एका केंद्रात गेल्या. जिना चढताना धाकटी मध्येच थांबली, थोरलीही एक पायरी खाली थांबली. वर रक्त काढणाऱ्या मुलीला डाव्या हाताची शीर सापडेना.

"उजवा बघ," थोरली म्हणाली. "हिची डावी कधीच सापडत नाही."

मुलीने रिकाम्या नळीवर नाव चिकटवलं. धाकटीने हात मागे घेतला.

"नाव वाचा, जाऊबाई. मोठ्याने. तुमची सवय कळलीय मला."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. थोरलीचे कान तापले. तिने नळी उजेडात धरली आणि धाकटीचं नाव, आडनावासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

मग धाकटीने उजवी बाही वर केली आणि दुसऱ्या हाताने थोरलीचं मनगट धरलं.