मी कुंपण नाही!

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी कुंपण नाही. बाक नाही, फळी नाही, टोप्या अडकवायची खुंटी तर मुळीच नाही. मी स्की आहे! वयाने जरा थोराड, अंगावर ओरखडे भरपूर, पण बर्फावर ठेवलंत तर अजूनही वाऱ्याला मागे टाकीन. हे मी इतकं ठासून का सांगते आहे ते पुढे कळेलच. नुसतं आठवलं तरी माझ्या पोलादी कडा शहारतात.

माझा जन्म इथलाच, टिरोलच्या बर्फाळ डोंगरांतला. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचल्या, दोन्ही बाजूंना पोलादाची कड बसवली, खाली काळा गुळगुळीत तळ लावला आणि तापलेल्या दाबयंत्रात असं काही दाबलं, की ओरडायलाही जागा उरली नाही. बाहेर येऊन बघते तर काय, शेजारी हुबेहूब मीच! मी दचकलेच. ती माझी जुळी बहीण. आमच्यात खरं तर डावं-उजवं काही नसतं. पण आमच्या पहिल्या मालकिणीने माझ्या टोकावर लाल ठिपका काढला, "ही डावी," म्हणाली, आणि तेव्हापासून मी डावी झाले. बहीण अबोल आहे. तिच्या वाटणीचंही मीच बोलते.

ही पहिली मालकीण म्हणजे नोटबुर्गा आत्या. गावातल्या पोरांना स्की शिकवायची. काय ते दिवस होते! पोरं रांगेत तिच्या मागून यायची आणि तिचा आवाज सगळ्या उतारावर घुमायचा, "गुडघे वाकवा रे! देवळात आलायत का, ताठ उभे राहायला?" आत्या वळली की आम्ही बर्फावर अशी रेघ ओढायचो, की लोक डोंगरावर नेणाऱ्या उघड्या लिफ्टमधून मान वळवून बघायचे. पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि आम्ही तिच्या भाचीच्या, झेन्झीच्या पायांत आलो. झेन्झी सोळा वर्षांची आहे आणि तिला चालत कुठे जाता येत नाही. ती धावते, नाहीतर घसरते.

आता उन्हाळ्याचं सांगते. माझ्या आयुष्यातला पहिला उन्हाळा आला, तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं! एके दिवशी आत्याने आम्हाला उलटं आडवं केलं, गरम इस्त्रीने तळावर मेण ओतलं, जाडच्या जाड, आणि ते तसंच ठेवलं. एरवी मेण लावलं की पट्टीने खरवडून काढतात, पातळ पापुद्रा तेवढा राहतो. या वेळी खरवडलंच नाही! मग बूट अडकवायचे खटके सैल केले आणि आम्हाला गवताच्या कोठारात टांगलं. बाहेर बर्फ वितळून धो धो वाहत होता. माझं जगच वाहून चाललं होतं आणि मी मेणाचा कोट घालून लटकले होते. हळूहळू कळलं, की तो कोट आमच्या भल्यासाठीच असतो. तळ कोरडा पडू नये, कडा गंजू नयेत, म्हणून तो उन्हाळाभर अंगावर ठेवायचा. मात्र पहिल्या बर्फाआधी तो खरवडून काढायचा. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. माझा सगळा घोळ तिथेच झाला.

झेन्झीला उन्हाळा आमच्याहून जड जातो. दात घासताना ती भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, हवेतल्या खुर्चीत बसल्यासारखी उभी राहते. लाकडी जिन्यावरून मोजे घालून घसरते आणि खाली आईच्या हातचा मार खाते. चाकांचे बूट घालून गावच्या रस्त्यावर वळणं घेत सुटते आणि पोस्टमनला झुडपात पाठवते. एवढं करूनही नाहीच राहवलं, तर कोठारात येऊन माझ्या टोकावर हात ठेवते आणि म्हणते, "अजून थोडंच हं, म्हाताऱ्यांनो." म्हाताऱ्या म्हणाली तरी मला राग येत नाही. तिने म्हटलेलं चालतं.

कोठाराच्या दारातून आत्याचा कोबीचा मळा दिसतो आणि मळ्याभोवती... शी! मळ्याभोवती स्कींचं कुंपण आहे. आमच्याच जातीच्या जुन्या स्की, शेपट्या मातीत, टोकं आभाळात, अंगात आरपार भोकं पाडून आडव्या दांड्याला आवळलेल्या! एकीच्या अंगावर तर घेवड्याचा वेल चढला होता. या भागात थकल्या स्कींचं असंच करतात आणि पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून हौसेने फोटो काढतात! सप्टेंबरात, उन्हाळाभर चरून झाल्यावर, गायी इथल्या रीतीप्रमाणे फुलांचे मुकुट घालून डोंगरावरून उतरल्या, तेव्हा आमची लिस्ल गाय मुकुटासकट त्या कुंपणातून आत घुसली आणि दोन स्की मोडल्या. बरोब्बर दोन. मी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

ऑक्टोबरात कोठाराबाहेरच्या बाकावर भाकरीचा नि खारवलेल्या मांसाचा समाचार घेता घेता चर्चा सुरू झाली, यंदा स्की करायला जायचं कुठे? आमच्या गावच्या उताराचं तोंड दक्षिणेला, थेट उन्हाकडे. गेल्या जानेवारीत तिथे गवत होतं. जानेवारीत! गवत! मी स्वतःच्या डोळ्यांनी हिरवं गवत पाहिलं आणि दिवसभर मला काही सुचेना.

"हिमनदीवर जाऊ," झेन्झीचे बाबा कास्पर म्हणाले. "उंच आहे, बर्फाची खात्री आहे, स्कीसाठी आत्तापासूनच खुली आहे."

"आणि अख्खी दरी तिथेच गोळा होणार," आत्या म्हणाली. "लिफ्टच्या रांगेत उभं राहून हिवाळा घालवा. अगं झेन्झी, उतार किती लांब ते बघू नये, त्याचं तोंड कुठे ते बघावं. हिंटरवाल्डला चल. एकच लिफ्ट आहे, तीही खोकत चालते, पण उत्तरेचा उतार आहे. बर्फ टिकतो, आणि धुकं पडलं तर दोन्ही बाजूंची झाडं वाट दाखवतात."

"आत्या, तिथे फक्त तू आणि कोल्हे जाता," झेन्झी हसली. "आणि दरीच्या स्की-संघाची निवड हिमनदीवर आहे. शनिवारी. मला त्या संघात जायचंय."

झालं. ठरलं. शनिवारी पहाटेच कास्परनी आम्हाला गाडीत टाकलं, तळाला तळ लावून, पट्टा आवळून. आणि मी किंचाळत होते, "अगं कोट! आमचा कोट!" उन्हाळ्याचं ते जाड मेण तसंच अंगावर होतं. कुणी काढलंच नव्हतं! पण स्कीचं किंचाळणं ऐकतं कोण?

हिमनदीवर वारा होता, गर्दी होती, निवडणारे मास्तर होते. झेन्झीचं नाव पुकारलं. तिने आम्हाला बर्फावर ठेवलं, बूट खटक्यात दाबले, काठ्यांनी रेटा दिला. आणि आम्ही हललोच नाही! चिकटलोच! झेन्झी मात्र पुढे गेली. म्हणजे तिचं अर्धं अंग गेलं, पाय आमच्यापाशीच राहिले, आणि नाक बर्फात रुतलं. ती उठली, पुन्हा रेटा दिला, ओलं पोतं ओढावं तशी चार हात सरकली आणि पुन्हा आडवी. सगळे खो खो हसले.

"झेन्झी, या तुझ्या आत्याने शाळेत वापरलेल्या का गं?" तिची मैत्रीण अन्नेलीस ओरडली. "कुंपणाला लाव ना, शोभतील!"

मास्तरांनी पुढचं नाव पुकारलं. घरी येताना कास्पर म्हणाले, "जाऊ दे, नाताळला नव्या घेऊ."  झेन्झीने एकदाही मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोठारात आली. हातात भोक पाडायचं यंत्र होतं.

मित्रांनो, माझ्या अंगात रक्त असतं तर ते गोठलं असतं! जी मुलगी माझ्या टोकावर हात ठेवून बोलायची, तिने मला सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर उलटं आडवं टाकलं. कोठारात उजेड कमी आणि तिच्या डोळ्यांत पाणी. "सगळ्यांसमोर," ती पुटपुटली. "सगळ्यांसमोर माझी अशी..." यंत्र गुरगुरलं. माझी अबोल बहीण भिंतीपाशी उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा ती बोलली, "डावे!"

यंत्राचं टोक माझ्या तळावर टेकलं आणि घसरलं. लोण्यातून सुरी जावी तसं. त्याच्यामागून पांढऱ्या मेणाची एक जाड वळी निघाली आणि झेन्झीच्या मनगटावर पडली.

यंत्र थांबलं. झेन्झीने ती वळी उचलली, चुरगळली, नाकाशी नेली. मग माझ्या तळावर नखाने एक रेघ ओढली. नखात मेणच मेण!

"आत्या!" ती अशी ओरडली, की कोंबड्या उडाल्या. आत्या लंगडत धावत आली.

"आत्या, तू मेण खरवडलं नव्हतंस?"

"मी? मला वाटलं तू खरवडलंस! स्की तुझ्या पायांत, तर पट्टी कुणाच्या हातात?"

"मला वाटलं, दर वर्षी करतेस तसं यंदाही..."

 मग आत्याची नजर यंत्राकडे गेली, माझ्याकडे आली आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली. "अगं कार्टे," ती हळूच म्हणाली, "भोक पाडणार होतीस?" झेन्झीने माझ्यावर डोकं टेकलं आणि जी रडली, जी रडली! माझा कोट ओला झाला.

त्याच दुपारी तिने स्वतःच्या हाताने आम्हाला खरवडलं, घासलं, चकाकवलं. यंत्राने मला एक बारीक खड्डा पाडला होता, तो आत्याने वितळवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या थेंबाने बुजवला. अजून बोट फिरवलं तर लागतो.

निवड तर गेलीच. ती काही परत मिळाली नाही. पण पहिला बर्फ पडला तेव्हा झेन्झीच म्हणाली, "आत्या, चल तुझ्या कोल्ह्यांकडे." हिंटरवाल्डच्या उत्तरेच्या उतारावर, झाडांच्या मधून, तिने आम्हाला सोडलं आणि... काय सांगू! वारा मागे राहिला. खाली आत्या काठी आपटत ओरडत होती, "गुडघे! गुडघे!"

मित्रांनो, तुमच्याकडे बर्फ नसेल, पण तुमची सायकल असेल, शिवणयंत्र असेल, एखादं थकलेलं माणूसही असेल. ते एक दिवस अडलं, तर लगेच त्याला कुंपणाकडे नेऊ नका. आधी उलटं करून तळ बघा. कदाचित आपणच काहीतरी काढायचं विसरलो असू.

आता पुन्हा उन्हाळा आहे. आम्ही कोट घालून टांगलेल्या आहोत. पण यंदा खरवडायची पट्टी झेन्झीने दोरीने माझ्याच गळ्यात बांधली आहे. समोरच्या कुंपणातली दोन स्कींची जागा रिकामीच आहे, तिथे कुठलीही स्की लावणं झेन्झीला आता जमत नाही. सप्टेंबरात लिस्ल मुकुट घालून खाली येईल, त्या फटीतून आत शिरेल आणि आत्याचा सगळा कोबी फस्त करील.

खा बाई, पोटभर खा!