सहाच्या निरोपांचा माईक

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि आता माझ्यासमोर कुणी बोलत नाही. डोक्याची जाळी चेपली आहे, मानेजवळचा रंग उडाला आहे आणि अंगाला काव्ह्याचा, म्हणजे आमच्या बेटांवरच्या मुळांपासून केलेल्या पेयाचा, वास येतो. एवलिन मावशींच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या आणि रिळांच्या संगतीत मी पडून असतो. खरं सांगू, बरं वाटतं. बटणं बडबडत नाहीत. पण एक गोष्ट कित्येक वर्षं माझ्या पोटात राहिली आहे. ती आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. बोटीतून मी मालाव बंदरात उतरलो आणि टेकडीवरच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आलो. आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे तेवढंच. उद्घाटनाला प्रांताचे प्रमुख आबेल मोलीताव आले होते, गळ्यात पांढऱ्या चाफ्याच्या माळा घालून. माझ्यासमोर पहिला शब्द त्यांनी उच्चारला. त्यांच्यानंतर सॅमसन बोये नावाचा तरुण निवेदक बोलला. तो म्हणाला, "मोलीतावसाहेब नसते, तर आमच्या बेटांना कंठच फुटला नसता." बोलता बोलता त्याचे डोळे पाणावले होते. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. सॅमसनच्या ते लक्षात राहिलं नाही.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं काम म्हणजे सहाचे निरोप. तेव्हा आमच्या बेटांवर मोबाईल नव्हते. लेमोरा, आपिन, तोंगावा या दूरच्या बेटांना काही कळवायचं तर रेडिओ हाच मार्ग. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला एवलिन मावशी माझ्यापुढे बसायच्या, चष्मा पुसायच्या आणि वाचायला लागायच्या. "आपिनच्या मोसेस यांस निरोप. तुमची डुकरं बोटीवर चढवली आहेत, उतरवून घ्यायला या." "तोंगावाच्या रूथ हिस निरोप. आई बरी आहे, काळजी करू नकोस." त्या कधी घाई करत नसत आणि प्रत्येक निरोप दोनदा वाचत.

बेटांवर वीज नव्हती, रेडिओ बॅटरीच्या शेलवर चालायचे, आणि शेल महिन्यातून एकदा येणाऱ्या बोटीतून यायचे. म्हणून लोक सहाला रेडिओ लावायचे, निरोप ऐकायचे आणि लगेच बंद करायचे. दहा मिनिटं, बस्स. ती दहा मिनिटं सगळी बेटं माझ्याकडे कान लावून असायची. एवढा मान आणखी कुठल्या वस्तूला मिळाला असेल, सांगा बरं.

पुढे मोलीताव निवडणूक हरले. त्यांच्यामागून एक प्रमुख आला, मग दुसरा, मग तिसरा. मोलीताव आपल्या गावी जाऊन तारोचे कंद लावत बसले. आणि निरोपांच्या आधीच्या तासात सॅमसनचा नवा कार्यक्रम सुरू झाला, प्रांताच्या राजकारणावर चर्चा करणारा. सोबतीला थॉमस गुरुजी असायचे, निवृत्त शिक्षक. त्यांचं काम सॅमसनची री ओढायचं.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की या कार्यक्रमात उत्तर एकच असतं, फक्त प्रश्न बदलतात.

"गुरुजी, बाजारातला नळ तीन दिवस कोरडा आहे. कोणाची कृपा?"

"मोलीतावची. दुसऱ्या कोणाची असणार?"

"दवाखान्यात मलमपट्टीला कापूस नाही."

"मोलीतावनेच घडी विसकटली ना हो सगळी."

"आणि यंदा डास फार झालेत."

"गटारं कोणी खणली होती, आठवतंय ना?"

गटारं मोलीतावांनीच खणली होती, हे खरं. पण त्यांची खुर्ची जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत त्या गटारात कोणी फावडं घातलं नव्हतं. मोलीताव काही देवमाणूस नव्हते. लेमोराला बोटीचा धक्का बांधतो म्हणाले आणि बांधला नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. पण त्यांच्यानंतरच्या तिघांनीही तो बांधला नाही, आणि त्या तिघांचं नाव कधी माझ्या जाळीपर्यंत आलं नाही. खुर्चीवरच्या माणसाला प्रश्न विचारला तर खुर्चीवरचा माणूस उलट विचारतो. तारो लावणारा म्हातारा कशाला विचारायला येतोय? म्हणून सगळी खापरं त्याच्याच डोक्यावर.

एकदा सॅमसनने काव्ह्याची बाटली स्टुडिओत आणली आणि हातवारे करताना ती माझ्यावर उपडी केली. काव्ह्याने माणसाची जीभ जड होते म्हणतात. सॅमसनची कधी झाली नाही. मी मात्र आठवडाभर खरखरत होतो. त्यावर तो श्रोत्यांना काय म्हणाला असेल? म्हणाला, "मोलीतावच्या काळातली खरेदी आहे, मंडळी. असलाच माल घेणार तो." माझा इतका संताप झाला, पण माईकला स्वतःचं तोंड नसतं.

लोकांना कार्यक्रम आवडायचा. बाजारात, नाकामाल नावाच्या गुत्त्यात काव्हा पिताना सगळे सॅमसनची पाठ थोपटायचे. मग त्याला तास पुरेना. आधी सहाच्या पुढे दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. स्टेशनात माईक एकच, तो म्हणजे मी. सॅमसन माझ्यापुढून उठल्याशिवाय मावशींना बसता यायचं नाही. त्या काचेपलीकडून घड्याळाकडे बोट दाखवायच्या, आणि सॅमसन हातानेच 'थांबा हो' म्हणायचा. तो स्टेशनप्रमुखांचा मेहुणा होता, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? बेटांवरचे लोक सहाला रेडिओ लावायचे, सॅमसनचा आवाज ऐकायचे आणि शेल जपायला बंद करायचे.

"सॅमसन, बाबा, निरोप वेळेवर जाऊ दे," मावशी एकदा म्हणाल्या. "लोक शेल जाळत बसत नाहीत."

"मावशी, तुमच्या डुकराकोंबड्यांच्या निरोपांपेक्षा जनजागृती मोठी," तो म्हणाला.

मग तो बुधवार आला. मावशींची भाची लेमारा हिला लेमोरा बेटावर दिलेली होती. तिचे दिवस भरत आले होते, पायांना सूज होती. दवाखान्याची बोट गुरुवारी सकाळी तिला न्यायला बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर यायची होती. पण त्या बाजूचा समुद्र खवळला आणि दवाखान्याने दुपारी चिठ्ठी पाठवली. मावशींनी ती चिठ्ठी इतक्या वेळा वाचली की मलाही पाठ झाली. "लेमोराच्या लेमारा हिस निरोप. बोट उत्तरेला येणार नाही. उद्या सकाळी दक्षिण किनाऱ्यावर थांबणे."

सहा वाजले. सॅमसन मोलीतावांच्या न बांधलेल्या धक्क्यावर बोलत होता, आणि तेही लेमोराच्याच धक्क्यावर. मावशींनी काचेवर टकटक केली. मग दार उघडून चिठ्ठीच त्याच्यापुढे धरली. त्याने ती न वाचता बाजूला सारली. सहा वाजून बावीस मिनिटांनी तो उठला. मावशींनी निरोप दोनदा नाही, चारदा वाचला.

लेमारा आणि सोबतीला आलेली तिची आई दुपारपर्यंत उत्तर किनाऱ्यावर बसून होत्या. बोट दक्षिणेला दोन तास थांबून परत गेली. दोन दिवसांनी एका मासेमारी होडीत दोघींपुरती जागा मिळाली. लेमाराचा नवरा तारी मागेच राहिला. "बाळ झालं की मावशी रेडिओवर सांगेल, मी सहाला ऐकत बसेन," असं त्याने बायकोला सांगितलं होतं. मालावच्या दवाखान्यात बाळ जन्मलं, पण रडलं नाही.

मावशींनी त्याच संध्याकाळचा निरोप लिहिला. तारीने यावं, पाचव्या दिवशीच्या दुखवट्याच्या जेवणाला घराण्याने रिवाजाप्रमाणे चटया घेऊन यावं. त्या दिवशी सॅमसन सहा वाजून दहा मिनिटांनी उठला. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला. तिसऱ्या दिवशी लेमारा स्वतः मावशींचा हात धरून टेकडी चढून आली. सॅमसनला दुःखाची बातमी कळली होती. त्याने तिला आत बोलावलं, माझ्यापुढे बसवलं.

"पोरी, श्रोत्यांना सांग," तो हळुवारपणे म्हणाला. "धक्का असता तर आज तुझ्या मांडीवर बाळ असतं ना?"

लेमारा माझ्याकडे बघत होती. "मी बुधवारी सहाला रेडिओ लावला होता, दादा," ती म्हणाली. "तुम्हीच बोलत होता. मोलीतावांचं काहीतरी चाललं होतं. शेल संपत आले होते, म्हणून बंद केला."

मित्रांनो, मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. सॅमसनने खाकरून घसा साफ केला.

"ऐकलंत, मंडळी? शेलसुद्धा परवडत नाहीत लोकांना. ही मोलीतावची देणगी."

तेवढ्यात सहाचा ठोका पडला. एवलिन मावशींनी मला स्टँडवरून उपटलं, तारेसकट. "ऊठ," त्या सॅमसनला म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. तो उठला. मावशींनी मला मुठीत धरून उभ्या उभ्याच निरोप वाचला, अगदी सहाच्या सहाला. त्यांच्या हाताचा घाम माझ्या अंगावर ओघळत होता. मी काव्ह्याची खरखर गिळली आणि आयुष्यात कधी नव्हे इतक्या स्वच्छ आवाजात तो निरोप हवेत सोडला.

तो कोणीच ऐकला नाही. आधीच्या दोन संध्याकाळी तारी सहाला रेडिओ लावून बसला होता. पहिल्या संध्याकाळी सॅमसनचाच आवाज ऐकून त्याने शेल जपायला बंद केला, दुसऱ्या संध्याकाळी मात्र सॅमसन थांबेल, मग मावशी बोलेल, म्हणून बंद केला नाही. पण मावशींचा आवाज येण्याआधीच शेल संपले. बाकीच्यांनी सहाचा रेडिओ लावणं कधीच सोडून दिलं होतं. पाचव्या दिवशी लेमाराच्या आईने माणसं येतील म्हणून केळीच्या पानांत लापलाप, म्हणजे किसलेल्या कंदांचा लगदा, भाजला. खायला चौघीजणी होत्या.

नवव्या दिवशी खोबऱ्याची बोट आली. सॅमसनचा कार्यक्रम चालू होता, मावशी निरोपांचे कागद घेऊन उभ्या होत्या, तेव्हा स्टुडिओचं दार उघडलं. दारात तारी उभा होता, ओल्या कपड्यांत. काखेत स्वतःच्या आईने विणलेली लहानशी चटई होती, बाळ निजवायची. बोटीवरून उतरून तो थेट टेकडी चढून आला होता, कारण आधी मावशीला विचारायचं त्याने ठरवलं होतं. तो हसत होता.

"मावशी, मुलगा की मुलगी?"

मी चालूच होतो. त्याचा प्रश्न सगळ्या बेटांवर गेला. थॉमस गुरुजी खाली मान घालून बसले होते. सॅमसनचं तोंड उघडं होतं, पण त्यातून त्या दिवशी कोणाचंही नाव निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो पुन्हा माझ्यापुढे बसला. म्हणाला, "मंडळी, काल एका बापाने प्रश्न विचारला. तो प्रश्न खरं तर मोलीतावला विचारायला हवा."

त्याच आठवड्यात मी कायमचा बंद पडलो. दुरुस्ती करणारा म्हणाला की काव्हा आतपर्यंत गेला होता. सॅमसनने काय सांगितलं असेल, ते तुम्हीच ओळखा. नवा माईक आला, आणि मावशींनी मला कचऱ्यातून उचलून घरी आणलं.

मित्रांनो, माझ्या भावंडांना जपा. त्यांच्यावर काही सांडू नका, त्यांना आपटू नका. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कधी तुमच्यापुढे माईक आला आणि तुमचं बोलणं रंगात आलं, तर एकदा घड्याळाकडे बघा. आणि दारात कोणी चिठ्ठी घेऊन उभं असेल, तर ती आधी वाचा. माझ्याशेजारी या डब्यात ती लहानशी चटई घडी घालून ठेवलेली आहे. तारीने ती परत नेली नाही.