डब्यावरचे तीन ठोके

राळेगावकडच्या त्या खेड्यात सुरभीचा आवाज सगळ्यांना ठाऊक होता, आणि तिच्या आईला, विमलताईंना, त्याची भारी लाज वाटायची. ज्वारीच्या मचाणावरून पोरीनं आरोळी ठोकली की पाखरं तर उडायचीच, पण बांधापलीकडचे बैलही माना वर करायचे. "हळू बोल वं माय, सासरी कशी नांदशीन?" हे विमलताईंचं पालुपद. पुढं पोरगी विमानात नोकरीला लागली, मऊ आवाजात लोकांना चहा-पाणी विचारू लागली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

आणि आज दुपारी कापूस वेचून घरी येतात, तर टीव्हीवर सुरभीचंच विमान. समुद्राकाठच्या शहरात, वादळी वाऱ्यात उतरताना ते तिरपं झालं, पंख धावपट्टीला घासला, चाकं मोडली आणि विमान कलंडून गवतात गेलं. धूर निघत होता. किती वाचले, कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरभीचा फोन लागत नव्हता.

तासाभरानं अनोळखी नंबरवरून फोन आला. विमलताईंनी दहादा हॅलो केलं. पलीकडून नुसती धाप आणि वाऱ्याचा घोंघाट.

"कोनतरी चेष्टा करून राह्यला. ठेव तो!" सुरभीचे वडील, विठ्ठलराव, खेकसले. घाबरला की हा माणूस असाच खेकसतो.

विमलताईंनी ठेवला नाही. लहानगी सुरभी मचाणावर एकटी राखण करायची तेव्हा त्या शेताच्या दुसऱ्या टोकाला कापूस वेचत असायच्या आणि मधूनमधून हाक मारायच्या. ओरडून घसा बसलेला असला की पोरगी पाखरं हाकायच्या डब्यावर काठीनं तीन ठोके द्यायची. म्हणजे मी बरी आहे, तू वेच.

आता त्या फोन घेऊन अंगणात आल्या, पदर खोचला आणि आयुष्यभर लेकीला हळू बोलायला सांगणाऱ्या या बाईनं अशी हाक दिली की शेजारचे बळीराम ताटावरून उठून बाहेर आले.

"सुरभेऽऽऽ!"

नुसता वारा. मग फोनवर बोट आपटल्याचा आवाज. टक. टक. टक.

विमलताईंनी फोनचा स्पीकर लावला.

पलीकडे एका बाईनं फोन घेतला. "मी त्याच विमानात होते. फोन माझाच आहे. धुरात काही दिसत नव्हतं हो, आणि लोक बॅगा ओढत बसलेले. आधी तुमच्या मुलीनं इंग्रजीत सांगितलं, कोण ऐकतंय! मग जी काय ओरडली ती, बॅगा सोडा, माझ्याकडे या! त्या आवाजाच्या रोखानं आम्ही दारापर्यंत पोचलो. ब्याऐंशी जण. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ती थांबली नाही. आता घशातून शब्द फुटत नाहीये. डॉक्टर म्हणतात, आवाज येईल परत."

"तिच्या कानाले लावा फोन," विमलताई म्हणाल्या. "माय, मी तुले जलमभर हळू बोल, हळू बोल म्हनत राह्यली. चुकलं माह्यं. आता घसा सांभाळ. मंग घरी ये, अन् मचानावर चढून पायजे तेवढं ओरड. बैल बुजले तं बुजू दे."

टक. टक. टक.

विठ्ठलराव खांबाला धरून उभे होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"अजून एक डाव हाक मार," ते म्हणाले.