सहा टक्के

"बोट तर शाबूत आहे," विमा कंपनीचे अधिकारी फाइलवरून नजर न उचलता म्हणाले. "वाकतं, सरळ होतं. नोकरी तीच, पगारही तोच. मग नुकसान नेमकं कशाचं धरायचं?"

सुईताईंनी उजवा हात टेबलाखाली ओढून घेतला.

तडजोडीची ती खोली लहानशी होती. एका बाजूला अधिकारी, समोर ताई, त्यांचा नवरा आणि वकीलबाई, आणि मधोमध मध्यस्थ म्हणून नेमलेले निवृत्त न्यायाधीश. खिडकी नीट लागत नव्हती म्हणून तिच्या फटीत कोणीतरी घडी केलेला पुठ्ठा खुपसला होता. ताई बराच वेळ त्या पुठ्ठ्याकडेच बघत होत्या.

बावीस वर्षं त्या इस्पितळात रक्त काढण्याच्या खिडकीवर बसत होत्या. सुईताई हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं, पण ते त्यांना शोभत होतं. ज्या दंडावर कोणालाच शीर सापडायची नाही, तो दंड शेवटी त्यांच्यापुढे यायचा. ताई शीर डोळ्यांनी शोधायच्याच नाहीत. तर्जनीने त्वचेवर दोनदा हलकेच दाबायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि काम फत्ते. माणूस तोंड फिरवेपर्यंत कापूस लावून मोकळ्या.

दोन वर्षांपूर्वी दुकानासमोर मागे येणाऱ्या एका गाडीने त्यांना पाडलं. गाडीचा मागचा दिवा फुटला आणि त्याची काच उजव्या तर्जनीत खोलवर घुसली. गाडीवाला बिचारा स्वतःच त्यांना इस्पितळात घेऊन आला. जखम शिवली, आतली नस जोडली, महिनाभराने पट्टी निघाली. बोट दिसायला जसंच्या तसं. पण टोकाची जाणीव गेली ती गेलीच. कापूस काय आणि दगड काय, त्या बोटाला दोन्ही सारखेच.

गाडीच्या विमा कंपनीवर केलेल्या दाव्याचं मोल कसं ठरतं ते वकीलबाईंनी त्यांना सोप्या भाषेत समजावलं होतं. उपचाराचा खर्च, रजेत बुडालेला पगार, सोसलेल्या दुखण्याचे थोडे पैसे. पण मोठी रक्कम असते ती पुढच्या कमाईच्या नुकसानीची. डॉक्टरांचं मंडळ शरीराचं किती टक्के नुकसान झालं ते लिहून देतं. वर्षाच्या पगाराचे तितके टक्के काढायचे आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. मंडळाने लिहिलं होतं, सहा टक्के.

"हे शरीराचे सहा टक्के झाले," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "तुमच्या कामाचे किती गेले, ते मंडळाला काय माहीत? ते तुम्हीच सांगायचं."

आणि नेमकं तेच ताईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. कंपनीचा माणूस चौकशीला आला तेव्हाही त्या "आता बरं आहे" एवढंच बोलल्या. त्यात थोडी ऐट होती, आणि खिडकीवरून उठवतील याची धास्ती तर होतीच. अवघड हात समोर आला की त्या तो शेजारच्या खिडकीकडे सरकवायच्या. तिथल्या तरण्या सहकाऱ्याला सगळे दाढी म्हणत. तो निमूटपणे हात घ्यायचा. कधी ब्र काढला नाही त्याने.

आज सकाळी जिन्यात वकीलबाईंनी त्यांना थांबवलं होतं. "इथलं बोलणं इस्पितळापर्यंत जात नाही. पण एकदा तोंडाने बोललात की त्या खिडकीवर पुन्हा बसणं तुम्हालाच जड जाईल. बघा, विचार करा."

"बाई," न्यायाधीश आता म्हणाले, "कागद राहू देत. तुम्ही काम कसं करता ते मला सांगा."

ताई पुठ्ठ्याकडे बघतच बोलू लागल्या.

"गेल्या महिन्यात एक आजोबा आले. दाढी रजेवर होता. मी त्यांना चार वेळा टोचलं. चौथ्यांदा सुई बाहेर काढली तर तेच मला म्हणतात, 'असू दे पोरी, माझीच शीर चुकार आहे.' शीर चुकार नव्हती, साहेब. चांगली जाडजूड होती. मला लागतच नाही काही बोटाला. आणि मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा नाही. दोष त्यांच्यावरच राहू दिला."

नवऱ्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हे तोही पहिल्यांदाच ऐकत होता.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "पण पगार तर कमी नाही झाला," ते म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता.

"होईल ना," वकीलबाई म्हणाल्या. "खिडकी सुटली की जोखमीचा भत्ता सुटला. निवृत्तीनंतर कोणत्याही लॅबने यांना हातोहात घेतलं असतं, तेही गेलं. सहा नाही, तीस धरा."

"तीस फार होतात."

मग घासाघीस सुरू झाली. अधिकारी फोन करायला बाहेर गेले आणि वीस मिनिटांनी परत आले. "वीस टक्के. वर व्याज. महिन्याभरात पैसे खात्यात."

वकीलबाई ताईंच्या कानाशी वाकल्या. "लढलो तर कदाचित तीस मिळतील, आणखी तीन-चार वर्षांनी. कदाचित सहावरच येऊ. निर्णय तुमचा."

"गाडीवाल्याला यातलं काही भरावं लागेल?"

"छे. सगळं कंपनी देणार."

"मग झालं तर," ताई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर नवरा बाकावर टेकला. मग म्हणाला, "दोन वर्षं मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिनसलंय. घरी आलीस की धड बोलायची नाहीस."

"तुमचं काही नव्हतं हो."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याने इतका लांब श्वास सोडला की ताईंना हसू आलं. खूप दिवसांनी त्या अशा हसल्या.

दुपारी त्या तडक प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. सगळं सांगून टाकलं.

"हे दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"ज्यांना चार-चार वेळा टोचलं, त्यांचं काय?"

"त्यांना त्रास झाला तो माझ्यामुळेच, डॉक्टर."

डॉक्टर बराच वेळ खिशातला चष्मा काढत-घालत राहिले. "सूक्ष्मदर्शकावर एक जागा रिकामी आहे. रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा तपासायच्या. भत्ता नाही मिळणार. डोळे ठीक आहेत ना?"

"डोळे ठीक आहेत."

"नक्की? का तेही दोन वर्षांनी कळणार आम्हाला?"

"नक्की," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

बदलीच्या कागदांबरोबर स्वतःच्या रक्ताची तपासणी जोडावी लागते. म्हणून सोमवारी सकाळी ताई रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर खिडकीच्या अलीकडच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत इथून खिडकी कशी दिसते ते त्यांनी पाहिलं नव्हतं. स्टूल चांगलंच उंच होतं. म्हाताऱ्या माणसांना चढायला त्रास होत असणार.

दाढीने पट्टा बांधला. "कुठली घेऊ, ताई?"

"तूच बघ."

त्याने बोट ठेवलं, दोनदा दाबलं. ताई त्याच्या हाताकडे न बघता दुसरीकडे बघत राहिल्या, सगळे बघतात तशा.

"झालं," तो म्हणाला.

ताईंनी कापूस दाबून धरला आणि मागच्या माणसासाठी स्टूल मोकळं केलं.